वाकनीसांची अर्धी बातमी

आमच्या शेजारचे मनोहर वाकनीस कुठलीही बातमी पूर्ण सांगत नाहीत.

एकदा सकाळी मी दाढी करत होतो. घंटा वाजली. दारात वाकनीस, एक पाय आमच्या उंबऱ्यावर आणि दुसरा खालच्या पायरीवर. ते कुठेही आले तरी अर्धे निघालेलेच असतात.

"पोतनीस भिया, तुमच्या स्कूटरवर आत्ता जे दिसून राहिलंय ना, ते पाहून तुम्ही ऑफिसला जायचं विसराल."

"का? काय झालं?"

"आगे जो हुआ..." एवढं म्हणून त्यांनी दोन्ही हात हवेत उडवले आणि गेले.

मी गालाचा फेस न पुसता फाटकापर्यंत धावलो. स्कूटर जागेवर होती. पडली नव्हती, हवा गेली नव्हती, कोणी काच फोडली नव्हती. सीटवर एक मांजर झोपलं होतं. ते रोज तिथेच झोपतं.

मला राग आला तो मांजराचा नाही. मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतो. आमच्याकडे कागदावर पहिल्या ओळीत विषय असतो, शेवटच्या ओळीत बेरीज. मधलं ज्याला हवं त्याने वाचावं. वाकनीसांच्या कागदावर बेरीज कधी येतच नाही.

अर्थात ही नुसती सवय नव्हती, व्यवसाय होता. पूर्वी ते इंदूरच्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते; भैयाला भिया म्हणणं तिथलंच. ते दैनिक बंद पडलं तेव्हा एका बातम्यांच्या वेबसाइटने त्यांना घरबसल्या काम दिलं. बातमी दुसऱ्यांनी लिहायची, वाकनीसांनी फक्त तिचं हेडिंग करायचं. ते असं असावं की मोबाइलवर भराभर सरकणारा अंगठा थांबला पाहिजे. "बातमी म्हणजे लाडू," ते म्हणायचे, "आणि हेडिंग म्हणजे त्याचा वास. वासात लाडू द्यायचा नसतो भिया. वासावर माणूस आत आला पाहिजे."

"आणि आत लाडू नसला तर?"

"तर तो शिव्या देईल. पण आत येऊन देईल!"

आमच्या देवासला पूर्वी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमचे पूर्वज थोरल्या पातीत खजिन्यावर होते, म्हणून आम्ही पोतनीस. त्यांचे पूर्वज धाकट्या पातीत दरबारची रोजची खबर लिहायचे, म्हणून ते वाकनीस. संस्थानं गेली, आडनावं उरली. आमच्या दोघांच्या बाबतीत स्वभावही उरले असावेत. मला आकडा चुकलेला चालत नाही आणि त्यांना खबर संपलेली चालत नाही.

आकड्यांवरून आमचं भांडण ठरलेलं. एकदा त्यांनी मोठ्या अभिमानाने मला मोबाइल दाखवला. हेडिंग होतं, कलिंगड खाण्याचे सात फायदे, सातवा वाचून थक्क व्हाल. मी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हटलं, "वाकनीस, फायदे पाचच आहेत. मी मोजले."

ते उठून उभेच राहिले. "मोजले? म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाचलं! झालं की हेडिंगचं काम."

"पण दोन कमी आहेत!"

"गार लागतं हा सहावा, गोड लागतं हा सातवा."

"मग पाचच का नाही लिहीत?"

"पाचाला कोण थांबतं? पाच तर हाताला असतात."

हे सगळं उभ्याने. वाकनीसांना मी टेकून बसलेलं पाहिलेलं नाही. सोफ्याच्या काठावर बसतील, एक पाय हलवत राहतील, मोबाइल काढतील, आपलं हेडिंग किती जणांनी उघडलं ते बघतील, मोबाइल खिशात घालतील, पुन्हा काढतील. आमच्याकडचे पोहे ते खिडकीशी उभे राहून खातात आणि खाता खाता रस्त्यावर कोण चाललंय ते बघतात. आमची ही, नीला, म्हणते, "ह्यांच्या बशीत शेव घालेपर्यंत हे निघून गेलेले असतात." आणि दुपारच्या जेवणाची वेळ झाली की वाक्य अर्धं टाकून उठतात. "चला, ताट वाढायचंय."

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटायची. स्वतः अर्धी बातमी देणारा हा माणूस दुसऱ्याकडून पूर्ण घ्यायचा, आणि पूर्ण म्हणजे अगदी गाळासकट. आमच्याकडे पाहुणे आले एवढं सांगून सुटका नसे. कोणत्या गाडीने आले? काय आणलं? वहिनींनी काय केलं? मीठ बरोबर पडलं होतं? कोण रुसलं? मी हिशेबी माणूस, मला तपशील चुकवता येत नाही, म्हणून मी सगळं सांगायचो. ते खूश होऊन म्हणायचे, "तुमच्यासारखा माणूस नाही भिया. तुमचा माल एकदम पक्का."

आता वाकनीसांच्या बायकोबद्दल, कुसुमवहिनींबद्दल. खरं तर आमच्या कॉलनीची बातमीदार त्याच होत्या. माहेर धारचं, आवाज खणखणीत. संध्याकाळी ओट्यावर मटार सोलत बसायच्या आणि कॉलनीतला प्रत्येक जण तिथे थांबून काहीतरी सांगून जायचा. त्या मधेच "मग?" म्हणायच्या. त्यांच्या त्या "मग?"मध्ये असं काही होतं की सांगणाऱ्याला आपली भाजी जळल्याची हकिकतही महत्त्वाची वाटायची.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं, तोंड थोडं वाकडं झालं. आणि एवढी बोलकी बाई, तिने ठरवलं की ह्या तोंडाने कोणाला भेटायचं नाही. बायका भेटायला गेल्या तर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. हळूहळू बायकांनी जाणं सोडलं. संध्याकाळचा ओटा रिकामा राहिला. नीला कधीतरी म्हणायची, "वहिनी काही खात नाहीत म्हणे. ताट तसंच परत जातं. डॉक्टर म्हणतात गिळायला काही अडचण नाही, पण इच्छाच नाही. अशाने बाई किती दिवस काढणार?" वाकनीसांना विचारावं तर ते म्हणत, "आगे आगे देखो," आणि निघून जात. ह्या विषयावर मला त्यांचा फार राग यायचा. घरात बायको अशी आणि हा माणूस गावभर मांजरांच्या बातम्या देत फिरतो.

कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोटिसा लिहिण्याचं काम वाकनीसांकडे होतं. ज्याला काही कळवायचं असेल त्याने त्यांच्या ओट्यावर जायचं, सगळं सांगायचं, मग ते ग्रुपवर टाकायचे. वीस वर्षं बातम्या हाताळलेला माणूस, म्हणून काम त्यांना दिलं. ती आमची चूक.

टाकी धुवायची म्हणून एक दिवस पाणी बंद राहणार होतं. वाकनीसांनी लिहिलं, "उद्या सकाळी तुमच्या नळातून जे येणार आहे, त्याची तुम्ही कल्पनाही केली नसेल!" कोणी पाणी भरून ठेवलं नाही. उलट पहाटेपासून लोक नळाशी पाहत बसले. समोरच्या परांजपे काकूंना वाटलं साप येणार. त्यांनी नळाला फडकं बांधलं.

"नळातून काहीच आलं नाही!" मी त्यांना म्हटलं.

"मग? कल्पना केली होती का कोणी?"

हेही चालून गेलं असतं. पण मग नानांचं प्रकरण झालं.

नाना म्हणजे कॉलनीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ, एकटे राहतात. त्यांनी आपली जुनी स्कूटर विकायला काढली आणि कोणाला हवी असेल तर कळवा म्हणून वाकनीसांना सांगितलं. वाकनीसांनी लिहिलं, "अखेर नानांनी घेतला तो निर्णय! घरच्यांना अजून कल्पना नाही. आगे जो हुआ..."

कोणीतरी ते नात्यागोत्यात पुढे पाठवलं. आमच्या पिढीपर्यंत ठीक आहे, पण पुढची मुलं हिंदी शाळांतली. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून ती पहिली ओळ वाचतात आणि बाकीचं एकमेकांना फोन करून ठरवतात. त्यांनी ठरवलं की नानांनी घराचं मृत्युपत्र केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नानांची बहीण कुक्षीहून रडत आली. संध्याकाळी पुतण्या सतवासहून वकील घेऊन आला. डही गावचे एक जावई फोनवर होते. नाना आतून चहा घेऊन बाहेर येतात तो घराच्या वाटण्या सुरू!

"काका, आम्ही काय मेलो होतो का?" पुतण्या म्हणाला.

"अरे, तुला स्कूटर हवी होती तर बोलायचं!" नाना म्हणाले.

"स्कूटर? म्हणजे स्कूटरही देऊन टाकली?"

तासाभरात खरा प्रकार उलगडला. पण घराच्या बाबतीत कोणाच्या मनात काय आहे तेही नानांना त्या तासाभरात कळलं होतं. रविवारी सकाळी कॉलनीची बैठक झाली. नाना काठी आपटून म्हणाले, "ह्या माणसाकडून नोटिसा काढून घ्या." सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. नोटिसा माझ्याकडे द्याव्यात असंही ठरलं, कारण मी एका ओळीत लिहितो.

वाकनीस भांडतील, हसतील, काहीतरी हेडिंग करतील असं मला वाटलं होतं. ते बसून राहिले. पाय हलत नव्हता. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मी साधं लिहीन," ते म्हणाले. "पोतनीस भिया लिहितात तसं. पण काम काढू नका."

"अहो, फुकटचं काम," नाना म्हणाले, "जीव का टाकता?"

वाकनीसांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मोबाइल काढला, न बघताच खिशात घातला आणि बैठक संपायच्या आत उठून गेले.

मला चैन पडेना. काम घ्यायचं तर ग्रुपची सूत्रं माझ्या मोबाइलवर घ्यायला हवीत, हे एक निमित्त होतंच. नीला म्हणाली, "जेवून जा." पण पानावर बसवेना. तसाच त्यांच्या घराकडे गेलो. वीज गेली होती, घंटा वाजेना. म्हणून बाजूने मागच्या पडवीत आलो. जाळीचं दार होतं. आतून आवाज आला आणि त्यात माझं नाव होतं.

"पोतनीसांच्या स्वयंपाकघरात आज सकाळी शेवेच्या पुडीबरोबर असं काही घडलं की सराफा बाजारापर्यंत चर्चा आहे."

मग काहीच नाही. मी जाळीतून पाहिलं. कुसुमवहिनी खुर्चीत उशीला टेकून बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे. समोर स्टुलावर वाकनीस, हातात ताटली, ताटलीत वरणभात. ते चमचा धरून थांबले होते. पाय हलत नव्हता. ते वाट बघत होते.

बऱ्याच वेळाने वहिनींचं तोंड इकडे वळलं.

"काय?"

एक चमचा आत गेला.

"पोतनीसांनी पाव किलो शेव आणली. आता पोतनीस तो पोतनीस. घरी आल्यावर काट्यावर ठेवली."

थांबले. वहिनींनी घास गिळला.

"मग?"

"कमी भरली!" दुसरा चमचा. "तसेच चप्पल घालून निघाले दुकानदाराकडे. नीलावहिनी मागून ओरडून राहिल्या, अहो, शर्टाला बटणं लावा."

"मग?"

तिसरा. एका घासाला एक वाक्य. "मग?" आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही, आणि घास गिळल्याशिवाय "मग?" नाही. हकिकत खरी होती. मीच बैठकीच्या आधी कुंपणाशी त्यांना सांगितली होती. दुकानदाराचा काटा बरोबर होता. आमच्या काट्याच्या पारड्याखाली एक लिंबू अडकलं होतं. संपली गोष्ट. पण ताटलीत भात उरला होता.

वाकनीसांनी ताटलीकडे पाहिलं आणि पुढे चालू ठेवलं. "दुकानदार म्हणाला, साहेब, काट्यावर भरोसा नाही ना? मग तुम्हीच चढा!"

"मग?"

"चढले पोतनीस!"

मी चढलो नव्हतो. माझा हात जाळीच्या दारावर गेला.

"आणि भरले किती? आगे जो हुआ..."

"किती?" वहिनींनी विचारलं. स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात.

"एकशे अकरा किलो!"

माझं वजन अडुसष्ट आहे. पण वहिनी हसल्या. वाकड्या तोंडाने, एका बाजूने, भाताची शितं हनुवटीवर सांडेपर्यंत हसल्या. वाकनीसांनी ती त्यांच्याच पदराने पुसली आणि त्याच हाताने पुढचा चमचा दिला. मी हात खाली घेतला. एकशे अकराला तिथे मी काही हरकत घेतली नाही.

ताटली ठेवायला ते पडवीत आले आणि मला पाहून थबकले. आम्ही दोघं बागेच्या नळाशी उभे राहिलो.

"ऐकलं का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"ऐकलं. मी अडुसष्ट आहे."

"अडुसष्टला ती हसली नसती भिया." मग म्हणाले, "नट-नट्यांची हेडिंगं सांगून पाहिली. तिने भिंत बघितली. देशविदेशचं सांगितलं, भिंत. एक दिवस परांजपे काकूंचा कुकर उडाला ते सांगता सांगता फोन आला, गोष्ट अर्धी राहिली. तर मागून आवाज, मग? कितीतरी महिन्यांनी पहिला शब्द. तेव्हापासून असंच चाललंय. तिला कॉलनीचंच लागतं. आणि संपलेलं सांगितलं तर तोंड मिटते."

"मग हे नोटिसांचं काम..."

"तिला सोडून मी किती फिरणार? नोटीस द्यायला लोक ओट्यावर येतात, बसून सगळं सांगतात. त्यावर दोन्ही वेळचं जेवण निघतं. काम तुमच्याकडे गेलं की ओट्यावर कोण येणार? मी तिला काय भरवू?"

"तुमच्या वेबसाइटवर..."

ते नळ उघडून ताटली धुवू लागले. "ते काम होळीच्या आधीच गेलं. आता मशीन करतं. एका बातमीला वीस हेडिंगं देतं. वाचली मी. चांगली असतात." नळ बंद केला. "तिला सांगितलं नाही. रोज टाइप करत बसतो. ही एकच बातमी मी पूर्ण दाबून ठेवलीय."

मी ग्रुपची सूत्रं न घेताच घरी आलो.

पुढच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. ग्रुपवर नोटीस मी टाकीन, एका ओळीत. पण ज्याला काही कळवायचं असेल त्याने आधी वाकनीसांच्या ओट्यावर जायचं, त्यांना तोंडी, सविस्तर सांगायचं. त्यांच्याकडून ते माझ्याकडे येईल.

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "एका ओळीच्या नोटिशीला दोन माणसं? पोतनीस, तुमच्या हिशेबात हे बसतं कसं?"

"बसतं. कारण आहे."

"काय कारण?"

"नंतर सांगेन."

नीलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी कुठली गोष्ट नंतरवर ठेवल्याचं तिला आठवत नसणार. वाकनीस कोपऱ्यात उभे होते. त्यांचा पाय हलायला लागला.

सूचना पास झाली, कारण काय असेल ह्या उत्सुकतेने कोणी विरोध केला नाही. दोन दिवसांनी खुद्द नाना वाकनीसांच्या ओट्यावर बसलेले दिसले. स्कूटर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने ती चालवून बघताना काय केलं, ते हातवारे करून सांगत होते. ग्रुपवर मी लिहिलं, "नानांची स्कूटर विकली गेली." ओट्यावर ती तासभर विकली जात होती.

मीही रोज ऑफिसला जाण्याआधी कुंपणाशी काहीतरी देऊन जातो. आमच्याकडे रोज काही घडत नाही. मग मी ऑफिसातलं आठवतो, रस्त्यातलं आठवतो, कधी तर वाटेत मुद्दाम थांबून बघतो. हल्ली दुपारी डबा उघडला की माझंच चित्त थाऱ्यावर नसतं. आज दिलेला माल पुरला असेल का, असं वाटत राहतं.

परवा रविवारी मी दिलेली हकिकत फारच लहान होती. गिरणीत आमचं आणि दुसऱ्या कोणाचं पीठ बदललं, एवढीच. दुपारी मी कुंपणाशी उगाच झाडांना पाणी घालत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांचं मागचं दार उघडलं. वाकनीस आले, एक हात कुंपणावर ठेवला.

"पोतनीस भिया, आज आमच्या घरात जे घडलं ना, ते ऐकून तुम्ही..."

मी पाइप हातात धरून थांबलो. आता हात हवेत उडवतील आणि जातील, अशी माझी तयारी होती. ते गेले नाहीत. डोळे भरून आले होते.

"सगळं जेवली," ते म्हणाले. "भात मागून घेतला."